तारे गेले, गोळा राहिला

वाळपईहून प्रश्न : हॉर्सहेड तेजोमेघ वेगळा खुलवता यावा म्हणून त्याच्या फोटोतून स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे काढले. बारीक तारे साफ गेले, पण अल्निटाकच्या जागी मोठा निळसर गोळा राहिला. माझं काय चुकलं?

काही नाही. अल्निटाक म्हणजे मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचा पूर्वेकडचा तारा. तो इतका प्रखर की त्याचा उजेड फिल्टर आणि सेन्सर यांच्यात आपटून परततो आणि भोवती वलय उमटतं. स्टारनेटच्या न्यूरल नेटवर्कला ताऱ्याचा ठिपका ओळखायला शिकवलंय. ते ठिपका उचलतं, पसरलेलं वलय मात्र त्याला तेजोमेघच वाटतं. आजूबाजूच्या रंगाने डाग बुजवणारा हीलिंग ब्रश सरसकट फिरवू नका, शेजारीच फ्लेम तेजोमेघ आहे आणि तो खरा आहे. वलयाएवढा, मऊ कडांचा मास्क (बदल तेवढ्याच जागेपुरता ठेवणारा मुखवटा) घ्या आणि निळा रंग थोडाथोडा उतरवा.

पण त्याआधी, फोटो काढतानाच, भिंगावर दव नाही ना ते टॉर्च मारून बघा. सांग्याला एका जानेवारीत माझ्या ड्यू हीटरची बॅटरी मध्यरात्रीच संपली. भिंगावर दव धरलं, प्रत्येक ताऱ्याभोवती धुकट वलय आलं आणि दोन दिवस मी ते तेजोमेघाचे बारकावे समजून खुलवत बसलो होतो!

आणखी एक. ताऱ्यामागे काय होतं ते सॉफ्टवेअरला दिसत नाही, आजूबाजूचं बघून ते जागा भरतं. मूळ फोटो आणि तारे काढलेला फोटो आलटून पालटून बघा. मूळ फोटोत नसलेली एखादी गाठ किंवा धागा दिसला, तर तिथे शार्पनिंग करू नका.

फोंड्याहून : तारे परत घातले की वरून चिकटवल्यासारखे दिसतात.

तारे तुम्ही साध्या बेरजेने परत घालत असणार. फोटोत काळ्याला 0 आणि पूर्ण पांढऱ्याला 1 धरतात. ताऱ्याच्या उजेडाची किंमत 0.8 आणि मागच्या तेजोमेघाची 0.5 असेल, तर बेरीज 1.3. फोटोत 1 च्या वर जागाच नाही, म्हणून रंग जळून पांढरा ठिपका उरतो. स्क्रीन ब्लेंडमध्ये दोन्ही आकडे 1 मधून वजा करून गुणायचे आणि तो गुणाकार पुन्हा 1 मधून वजा करायचा : 0.2 गुणिले 0.5 म्हणजे 0.1, उत्तर 0.9. ताऱ्याचा रंग बराचसा टिकतो. तारे वेगळे करायचं काम स्ट्रेचच्या आधी, म्हणजे अंधूक भाग ताणून उजळण्याआधी, न ताणलेल्या (लिनिअर) फोटोवरच करा. सिरिल या फोटो-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टारनेटला तसा पर्याय आहे. मग तेजोमेघ हवा तेवढा ताणा, तारे मात्र बेतानेच. ताऱ्यांचा थर अगदी फिका करून घातलात तरी ते चिकटवल्यासारखे दिसतात, हेही लक्षात असू द्या.

पणजीहून : तारे काढल्यावर मांडवीवरच्या कॅसिनोंचा उजेडही फोटोतून जाईल का?

नाही. तो ग्रेडियंट, म्हणजे फोटोच्या एका बाजूकडून दुसरीकडे फिकी होत गेलेली उजेडाची छटा. तो आधी काढायचा, त्यासाठी ग्राएक्सपर्ट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तारे त्यानंतर.

मडगावहून : तारे परत घातलेच नाहीत तर ती लबाडी होते का?

फोटोखाली तसं लिहिलंत तर नाही. हायड्रोजनचे पदर दाखवायला ताराविरहित फोटो मलाही आवडतो. मृगातल्या एम 42 या तेजोमेघाला मात्र मी हे करत नाही. त्याच्या गाभ्यातल्या ट्रॅपेझियमच्या ताऱ्यांमुळेच, त्यातही मुख्यतः एका ताऱ्यामुळे, तो मेघ उजळलाय. ते पुसायचे म्हणजे ज्योत काढून समईचा उजेड तेवढा ठेवायचा.