पावणेचार म्हणजे कोण आले?

"मॅडम, आठ वर्षांचा झाला, तिसरीत आहे, तरी याला घड्याळ बघता येत नाही. डोक्यात काही कमी तर नाही ना?"

जळगावात मी मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी बघते, त्या माझ्या खोलीत दर वर्षी कुणी ना कुणी आई हा प्रश्न घेऊन येते, बहुतेक वेळा हातात चाचणीचा पेपर धरून. ही आई अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून सकाळच्या पॅसेंजरने आली होती. सोबत मुलगा आणि सासूबाई. मुलाचे वडील आले नव्हते. रात्री थ्री फेजची लाईट होती, गव्हाला पाणी भरून ते पहाटे आडवे झाले होते. मुलाचं नाव इथे सांगत नाही. घरी त्याला दादू म्हणतात, तेच वापरते.

पेपरावर पाच घड्याळं काढलेली होती आणि पाचांवर लाल फुल्या. खाली बाईंचा शेरा, घरी सराव घ्या. तो सराव आई रोज घेत होती. संध्याकाळी मुलाला भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं करायचं, किती वाजले ते सांग, मग खेळायला जा. "रडतो, पण सांगत नाही," ती म्हणाली आणि तिचेच डोळे भरून आले. दादू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून फरशीकडे बघत बसला होता.

मी त्याला घड्याळ दाखवलंच नाही. कालची रात्र आणि आजची सकाळ सांग म्हटलं. हळूहळू बोलायला लागला. बाबा टॉर्च घेऊन शेतात गेले तेव्हा कुत्रं भुंकलं. मग पुष्कळ वेळाने आजी उठली. मग दूध आलं. शाळेच्या दिवशी दुधानंतर पॅसेंजरची शिट्टी होते आणि मग व्हॅन येते. मी मुद्दाम विचारलं, "व्हॅन आधी की शिट्टी?" तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला एवढंही कळू नये! "शिट्टी. शिट्टी झाली की बूट घालायचे. दुसऱ्या बुटाची लेस बांधतो तेव्हा व्हॅनचा हॉर्न वाजतो."

माझी निम्मी काळजी तिथेच मिटली. आधी काय, नंतर काय, कशाला थोडा वेळ लागतो, कशाला जास्त, हे ज्याला इतकं नेमकं सांगता येतं त्याच्या मनात वेळेचा पाया पक्का आहे. काटे त्यावर नंतर बसतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी विसाव्या शतकात मुलांच्या वेळेच्या समजुतीचा बारकाईने अभ्यास केला. लहान मुलं अंतर आणि वेळ यांची गल्लत करतात, जो लांब गेला त्यालाच जास्त वेळ लागला असं त्यांना वाटतं, हे त्यांनी दाखवून दिलं. दादू ती पायरी कधीच चढून गेला होता.

मग पेपर घेतला. तीन वाजून चाळीस मिनिटांचं घड्याळ होतं, त्याने लिहिलं होतं 3:08. का रे? "मोठा काटा आठवर आहे." पुढचं पावणेचारचं. तिथे लिहिलं होतं 4:09. चार का? "छोटा काटा चारला चिकटलाय ना." पाचही उत्तरं अशीच. जे डोळ्यांना दिसलं ते त्याने प्रामाणिकपणे वाचलं होतं. एकाच तबकडीवर छापलेला आठ छोट्या काट्याला आठ असतो आणि मोठ्या काट्याला चाळीस, आणि तो चाळीस कुठेच लिहिलेला नसतो. आपल्याला सवयीने ते दिसतं. मुलाला कुणीतरी ते उलगडून सांगावं लागतं, आणि त्याआधी पाचचा पाढा त्याच्या तोंडी बसलेला असावा लागतो.

एवढ्यात सासूबाईंनी माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे हात करून नातवाला विचारलं, "कितला वाजनात रे?" घरात अहिराणी, शाळा इंग्रजी माध्यमाची. घड्याळात तेव्हा पावणेबारा झाले होते. शाळेत तेच 'इलेव्हन फॉर्टी फाइव्ह' असतात, बाई बदलल्या की 'क्वार्टर टू ट्वेल्व्ह' होतात, आईच्या मोबाईलवर 11:45 दिसतात. आजीला मात्र 'पावणेबारा' हेच उत्तर हवं असतं. मी दादूला विचारलं, "पावणेबारा म्हणजे काय रे?"

त्याने बराच विचार केला. "बारा पाहुणे."

आजी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि पोराचा चेहरा पडला. मी त्यांना हाताने थांबवलं. आपल्याकडे पाहुण्यांना सर्रास पावणेच म्हणतात. घरात रोज ऐकलेला शब्द त्याने लावून पाहिला, यात हसण्यासारखं काय आहे? सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे शब्द आपण मुलांना कधी शिकवतो? कधीच नाही. ते वाऱ्यावर येतील असं धरून चालतो. त्या दिवशी दादूने अडीचला 'साडेदोन' म्हटलं, तेही त्याच्या बाजूने अगदी बरोबर. साडेतीन, साडेचार, साडेपाच असतात, तर साडेदोन का नसावेत? दीड आणि अडीच हे आपल्या भाषेतले हट्टी शब्द आहेत, ते वेगळेच सांगून ठेवावे लागतात. मिनिटांच्या आकड्यांचंही तसंच. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतात, एकोणपन्नासमध्ये तर नऊचा पत्ताच नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्या वाचायची रीत दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. मला आपले जुने शब्द प्रिय आहेत, ते टिकावेत असंच वाटतं. पण मुलांची अडचण खरी आहे, हे मी या खोलीत रोज बघते.

मग त्याच्याच उत्तराला धरून मी म्हटलं, "बरं, बारा हे पाहुणे समज. ते आले का घरात?" त्याने घड्याळ पाहिलं. छोटा काटा बाराच्या अलीकडे होता. "नाही. दारापाशी आलेत." "आत यायला किती वेळ आहे?" मी मोठ्या काट्यावर बोट ठेवून नऊपासून बारापर्यंत त्याच्याकडून पाच-पाच मोजून घेतले. पंधरा. "म्हणजे पाव तास कमी. पाव उणे, म्हणून पावणे." मी कागदावर भाकरी काढून तिचे चार भाग केले, एक खोडला. तो एकदम ताठ बसला. "मग ते अजून अकराच आहेत!" त्या क्षणी 4:09 ची चूक त्याची त्याला सापडली होती. आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिला गप्प राहायची खूण केली.

आता त्या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते वाचणाऱ्या इतर पालकांनाही हवं असेल. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाचा क्रम आणि पूर्ण तास कळला तरी भरपूर झालं. साताच्या आसपास अर्धा तास येतो. पाच-पाच मिनिटं आठाच्या आगेमागे जमतात आणि एकेक मिनिट त्याच्याही नंतर. तिसरीतलं मूल मिनिटांत अडखळतं, हे आजाराचं लक्षण नाही. काळजी करायची ती वेगळ्या चित्राची. वस्तू मोजताना सतत चुकणं, दोन आकड्यांतला मोठा न ओळखणं, साध्या बेरजा दर वेळी बोटांवर पहिल्यापासून मोजणं, वारांचा क्रम न लागणं, असं बरंच काही एकत्र आणि नीट शिकवूनही महिनोनमहिने दिसत असेल, तर तपासणी करून घ्यावी. अध्ययन अक्षमता, म्हणजे शिकण्यातली अशी अडचण, 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समाविष्ट आहे, अशा मुलांना सवलती मिळतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि त्याच्याही आधी डोळे तपासा. शेवटच्या बाकावरून भिंतीवरचा काटा दिसतच नसेल, तर सराव कसला घ्यायचा? दादूचे डोळे चांगले होते, मोजणीही चोख होती.

अडचण घरात होती, आणि ती सांगताना मला शब्द जपून वापरावे लागले. मी विचारलं, "ताई, तुम्ही त्याला दिवसात किती वेळा पाच मिनिटं म्हणता?" पाच मिनिटांत आवर. पाच मिनिटं थांब, येते. दोन मिनिटं बोलू दे फोनवर. ती विचारात पडली. मी दादूला विचारलं, "पाच मिनिटं म्हणजे किती रे?" तो म्हणाला, "आई ओरडते तेव्हा थोडी असतात. आई फोनवर असते तेव्हा खूप असतात."

त्याच्या घरात मिनिट ही मोजायची गोष्टच नव्हती. त्यातून भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलेलं, व्हॅन चुकू नये म्हणून. म्हणजे पोराने बरोबर वाचलं तरी मोबाईलशी जुळायचं नाही. आणि वेळ विचारली जायची ती त्याला पकडण्यासाठी, त्याला हवी असलेली गोष्ट कधी मिळेल हे सांगण्यासाठी कधीच नाही. मोठ्यांची मिनिटं खरी नसतील, तर मुलाने काट्यावर विश्वास का ठेवावा? माझं ठाम मत आहे की घड्याळ शिकवायची पहिली पायरी आई-वडिलांनी चढायची असते. जेवढं म्हणाल तेवढंच थांबा. नसेल जमत तर मिनिटाचं नाव घेऊ नका, 'काम झालं की येते' म्हणा.

घरी करायला मी तीनच गोष्टी सांगितल्या. घड्याळ बरोबर लावायचं. संध्याकाळची परीक्षा बंद. आणि एक जुनं बंद पडलेलं घड्याळ शोधून त्याची काच काढायची, मिनिटाचा काटा अलगद उपटून ठेवायचा आणि ते मुलाच्या हातात द्यायचं. उरलेला छोटा काटा एकटाच पुष्कळ सांगतो. तो तीनच्या थोडा पुढे असेल तर तीन वाजून गेले, मधोमध असेल तर साडेतीन, चारला टेकायला आला तर पावणेचार. बहुतेक घरांत आधी मोठ्या काट्याचा धडा होतो, तिथेच मुलं गोंधळतात. दोन आठवडे नुसता छोटा काटा ठेवावा. मग मोठा परत बसवायचा.

काट्यांसोबत अंगात मुरलेलं मिनिटही हवं. ते काम आजींनी केलं. चुलीपाशी बसून कळण्याची भाकरी तव्यावर टाकली की दादू मोबाईलचं टायमर लावायचा. भाकरी उतरायला किती, दूध उतू जायला किती, बादली भरायला किती, सगळं त्याने पाठकोऱ्या कागदांवर लिहून ठेवलं. मार्चअखेर आईचा फोन आला, "मॅडम, आता मीच अडचणीत आले. पाच मिनिटं म्हटलं की समोर टायमर घेऊन बसतो." मी म्हटलं, बसू द्या.

एप्रिलच्या मध्याला वडिलांनी त्याच्यासोबत अंगणात काठी रोवली. हे मी सुचवलं नव्हतं. काठीची सावली फिरते तसे घड्याळाचे काटे फिरतात, हे त्यांना त्यांच्या आजोबांनी दाखवलेलं. दुपार म्हणजे दोन प्रहर, सूर्य उगवल्यापासून तीन-तीन तासांचे दोन, हेही त्यांनी पोराला सांगितलं. सावली बारा वाजता सगळ्यात आखूड होईल असं बापलेक धरून चालले होते. झाली ती साडेबाराला! दादूने फोन करून मलाच विचारलं, घड्याळ चुकलं की सूर्य? दोघंही बरोबर. भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेलं आहे. अमळनेर त्याच्या सुमारे साडेसात अंश पश्चिमेला. एका अंशाला सूर्याला चार मिनिटं लागतात. "साडेसात चोक किती?" मी विचारलं. फोनवर थोडा वेळ शांतता. मग, "तीस. म्हणजे अर्धा तास!" साडेसातचा हिशेब त्याने साडे या शब्दावर न अडखळता केला होता.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी ते एकदा भेटून गेले. या वेळी वडीलही होते, पांढरा शर्ट घालून दाराशी अवघडून उभे. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि दादूला काहीच विचारलं नाही. तो मात्र आल्यापासून माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि वडिलांच्या मोबाईलकडे आळीपाळीने बघत होता.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "तुमच्यात सव्वाअकरा वाजलेत. खरं म्हणजे अकरा वाजून दहाच मिनिटं झालीत."

मी खुर्ची भिंतीला लावली आणि घड्याळ उतरवून त्याच्या हातात दिलं. त्याने ते मांडीवर उलटं ठेवलं, मागची चकती दोन बोटांत धरली आणि वडिलांच्या मोबाईलवर नजर ठेवून मोठा काटा तीनवरून दोनवर आणून ठेवला.