माळ्यावरच्या जुन्या गोल सीटच्या खुर्च्या पॉलिश करून विकू का तशाच विकू?

तुम्ही विचारलंय की साताऱ्याच्या जुन्या घरात माळ्यावर सहा काळपट, गोल सीटच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या सापडल्यात, जुनं सामान घेणारा सहाचे मिळून 3000 देतोय आणि नेटवर तसल्याच खुर्च्या व्हिंटेज डिझायनर म्हणून भारी किमतीला दिसतायत, तर पॉलिश मारून विकू का. मी सांगलीत दहाएक वर्षं जुनं फर्निचर घेतोय-विकतोय. आधी एक करा, पॉलिश पेपर घरात असला तर लपवून ठेवा.

मग खुर्ची उलटी करा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि सीटच्या गोल रिंगची आतली बाजू पूर्ण फिरून बघा. तिथे लाकडात दाबलेला शिक्का किंवा कागदी लेबलचा तुकडा असतो. थोनेट किंवा कोन (Kohn) असं जुन्या युरोपियन खुर्ची कंपनीचं नाव वाचता आलं तर तुमच्याकडे भारी वस्तू असू शकते. मिखाएल थोनेटनं 1859 मध्ये काढलेली 14 नंबरची खुर्ची म्हणजे सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं, आणि सुट्ट्या भागांच्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत बसायच्या, म्हणून ती बोटीनं जगभर गेली. मुंबईच्या इराण्याकडे चहा प्यायला बसतो ती खुर्ची याच घराण्यातली. पण 1869 ला पेटंट संपलं आणि मग अनेक कारखान्यांनी तशाच काढल्या, त्यामुळे नुसत्या आकारावरून काही ठरवू नका.

मी सुरुवातीला मिरजेच्या एका घरातून अशा चार घेतल्या होत्या आणि उत्साहानं 80 नंबरचा पेपर मारून आतूनबाहेरून घासून काढल्या. तिसरी घासताना लेबलचा शेवटचा तुकडा भुशात पडलेला दिसला, त्यावर दोनच अक्षरं उरली होती. पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकानं आल्या आल्या रिंगच्या आत हात फिरवला, कोरं लाकूड लागलं आणि बोललेली किंमत अर्धी केली. बरोबरच होतं त्याचं. मला त्या लेबलचं आजही वाईट वाटतं.

साफ करायचं तर कोरडं मऊ कापड, फार तर किंचित ओलं, आणि लगेच पुसून घ्यायचं. बारीक भोकांतून पिठासारखी पावडर पडत असेल तर किडा जिवंत आहे, त्या खुर्च्या बाकीच्यांपासून बाजूला ठेवा. वेत फाटलेला असला तरी तोडून टाकू नका, रिंगला भोवती भोकं असली तर तो हातानं विणलेला आहे, आणि विणणारा माणूस मिळाला तर जुनी वीण बघून तशीच बसवतो. पॉलिश लागलंच तर लाखेचं, कापडाच्या बोळ्यानं, पातळ पातळ हात देऊन. मिरजेत सतारीला असं करतात, मी माझं काम तसल्याच एका कारागिराकडून करून घेतो, मेलामाईनची चकचकीत फवारणी अजिबात नको.

आमच्याकडे सांगलीत मी अजून एक विचारतो, 2019 च्या महापुरात वस्तू बुडाली होती का. पाय खालून काळे पडलेले, स्क्रूला गंज, रिंगचा सांधा उघडलेला, प्लायची सीट असेल तर पापुद्रे सुटलेले, हे सगळं गिऱ्हाइकाला आधीच दाखवून टाका.

आणि कोणी चंदीगडच्या खुर्च्यांचे भाव सांगितले तर भुलू नका. त्या चंदीगड उभारणाऱ्या वास्तुकारांपैकी एक, प्येर जानरे, याच्या काळातल्या, सागवानी, उलट्या व्ही आकाराच्या पायांच्या, वेगळाच प्रकार, त्यात नकलाही भरपूर. परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर वय आधी बघा, 100 वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही.

3000 ला तर देऊच नका, शिक्का नसला तरी सहाचा जुळलेला सेट फोडू नका. उलट्या खुर्च्यांचे आणि रिंगच्या आतले फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.