प्रवासात बाळाचं खाणं : शिजवलेलं नको, कोरडं न्या

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी डब्यात पातळ खिचडी नेऊ नका, उन्हात ती लवकर आंबते. त्यापेक्षा तीन वाट्या पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजा, एक वाटी पंढरपुरी डाळं घाला, पूर्ण गार झाल्यावर बारीक दळून चाळा. गरम असताना दळलंत तर वाफ धरून गुठळ्या होतात.

थर्मासात उकळलेलं पाणी घ्या. दोन चमचे पीठ आधी थोड्या कोमट पाण्यात कालवा, मग गरम पाणी, वर थोडं तूप. पाच मिनिटं झाका. घट्ट होतंच, पाणी वाढवा. मीठ, साखर, मध अजिबात नको. उष्टं उरलेलं टाकूनच द्या. आणि हे पीठ घरी तीन दिवस देऊन बघा, मगच पिशवीत भरा.