आधी फरशी खोदा, मग लिफ्ट निवडा

घरच्या पोर्चमध्ये किंवा शेडमध्ये कार लिफ्ट बसवू पाहणाऱ्या नागपूरकरांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं दिली आहेत. बहुतेक पत्रांत 'कुठल्या कंपनीची घेऊ' हा प्रश्न पहिला आहे. तो आम्ही बाजूला ठेवतो, कारण आधीची मापं घेतली की निम्म्या लिफ्ट आपोआप यादीतून गळतात.

प्रश्न : मनीषनगरला स्वतंत्र घर आहे. पोर्चवर स्लॅब असून फरशीपासून उंची 10 फूट, रुंदी 11 फूट आणि लांबी 18 फूट आहे. गाड्या दोन, स्विफ्ट आणि फॉर्च्युनर. ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन एवढी कामं घरीच करायची आहेत. दोन खांबांची लिफ्ट घ्यावी, चार खांबांची की कात्रीची?

उत्तर : 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. पण हे माप स्लॅबपर्यंतचं आहे की बीमच्या खालच्या कडेपर्यंतचं? पोर्चच्या पुढच्या बाजूला बीम 9 ते 12 इंच खाली उतरलेला असतो. शटर असेल तर त्याचा गुंडाळा आणखी खाली येतो, आणि पंखा सगळेच विसरतात. टेप या सगळ्यात खालच्या टोकापासून लावा.

ते टोक 3.05 मीटरवरच आहे असं धरू. वर 10 सेंटिमीटर मोकळे सोडले तर उरतात 2.95. स्विफ्टची उंची सुमारे 1.53 मीटर, म्हणजे ती 1.42 मीटर उचलता येईल. फॉर्च्युनर साधारण 1.84 मीटर, तिच्यासाठी उरतात 1.11 मीटर. दोन खांबांच्या लिफ्टची पूर्ण उचल 1.8 मीटरच्या आसपास असते. तिचे पैसे भरून वापर मात्र जेमतेम साठ टक्के होईल.

त्यातही वरून आडवा बीम असलेली लिफ्ट 3.6 मीटर किंवा जास्त उंच असते, ती तुमच्याकडे उभीच राहणार नाही. जमिनीवरून पट्टी जाणारी, बिनबीमची लिफ्ट 2.8-2.9 मीटरची असते, ती उंचीत बसते. अडचण रुंदीची आहे. दोन खांबांना बाहेरून बाहेर 3.3 ते 3.5 मीटर लागतात आणि तुमचे 11 फूट म्हणजे 3.35. खांब भिंतीला टेकले तर मागे पाना धरायलाही जागा उरत नाही.

चार खांबांची लिफ्ट गाडी एकावर एक ठेवण्यासाठी उत्तम. पण गाडी तिच्यावर चाकांवरच उभी राहते, त्यामुळे ब्रेकसाठी मधला जॅक वेगळा घ्यावा लागतो. शिवाय चढणीचे रॅम्प धरून 18 फूट लांबी संपते आणि गेट लागत नाही.

तुमच्यासाठी 3 टनांची, सुमारे 1 मीटर उचलणारी कात्री लिफ्ट (गाडीखाली कात्रीसारख्या उघडणाऱ्या पट्ट्यांनी वर जाणारी) योग्य. बंद असताना ती 10-11 सेंटिमीटर उंच असते, दोन्ही गाड्या तिच्यावरून सहज जातात. चारही चाकं मोकळी राहतात. स्टुलावर बसून काम करायचं, उभ्यानं नाही, हे मान्य असावं. गाडीचा मधला भाग कात्रीनं अडतो, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवण्यासारखं काम तिच्यावर जमत नाही. आणि वर उचललेल्या गाडीची डिकी उघडताना स्लॅबकडे लक्ष ठेवा. पहिला ओरखडा तिथेच पडतो.

प्रश्न : प्लॉट काळ्या मातीचा आहे. मागच्या शेडमध्ये (उंची 14 फूट, टिनाचं छत) 4 इंचांचा कोबा आणि त्यावर पार्किंग टाइल्स आहेत. 4 टनांची दोन खांबांची लिफ्ट ठरवली आहे. विक्रेता म्हणतो, 'टाइलमधूनच अँकर मारू, काही होत नाही.' मारू द्यावं का?

उत्तर : नाही. ही लिफ्ट उभी राहते ती फक्त अँकर, म्हणजे फरशीत ठोकून बसवलेले बोल्ट, आणि त्याखालच्या काँक्रीटच्या जोरावर. गाडीचं वजन खांबाच्या बाहेर, लिफ्टच्या हातांवर लटकतं. त्यामुळे प्रत्येक खांब आतल्या बाजूला झुकू पाहतो आणि मागचे अँकर वर उपसले जातात. टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून दीड-दोन इंच सहज होतात. तेवढी लांबी अँकरची फुकट जाते. उरलेला कोबा बहुतेकदा बिनसळईचा असतो आणि त्याची जाडी कुणी मोजलेली नसते. 12 मिलिमीटरचं एक भोक आरपार पाडा, तारेला आकडा करून खालून अडकवा आणि मोजा. '4 इंच' म्हणून सांगितलेला कोबा अडीच निघाला तर आश्चर्य मानू नका.

खरी गोष्ट त्याच्याही खाली आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून बोटभर भेगा पाडते. वर हलका कोबा असेल तर तो दरवर्षी थोडा वर, थोडा खाली होतो. साध्या पार्किंगला त्यानं फरक पडत नाही. लिफ्टचा एक खांब मात्र दुसऱ्यापेक्षा 10 मिलिमीटर सरकला तरी ओळंबा बिघडतो. सेमिनरी हिल्सच्या बाजूला खडक लवकर लागतो, तिथे हे काम निम्मं होतं. तुमच्याकडे खोदावंच लागेल.

दोन्ही खांबांखाली एकसंध स्लॅब टाका, प्रत्येक खांबाला वेगळा ठोकळा नको. माप 4.2 × 2.4 मीटर, जाडी 250 मिलिमीटर. खड्डा चारही बाजूंनी 30 सेंटिमीटर जास्त, म्हणजे 4.8 × 3 मीटर, आणि 950 मिलिमीटर खोल घ्या. तळाशी अजून काळी मातीच दिसत असेल तर पुढचं खोदकाम आणि स्लॅबची रचना स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच ठरवा. खड्ड्यात 600 मिलिमीटर मुरूम भरायचा, पण एकदम नाही. 15 सेंटिमीटरचा थर, पाणी, कॉम्पॅक्टर, मग पुढचा थर. दाबून भरलेला मुरूम सुमारे 8.6 घनमीटर होतो. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून 4 ब्रास, म्हणजे सुमारे 11 घनमीटर मागवा. धुमसानं ठोकून भागतं असं मिस्त्री म्हणेल. भागत नाही, भाड्याचा कॉम्पॅक्टर आणा.

त्यावर 100 मिलिमीटर साधं काँक्रीट, मग प्लास्टिकचा कागद आणि मग सळयांची जाळी. 10 मिलिमीटरच्या सळया, दोन्ही दिशांना 150 मिलिमीटरवर, खाली एक आणि वर एक जाळी. एकूण लोखंड सुमारे 170 किलो. जाळी बांधताना लिफ्टच्या बेसप्लेटचा पुठ्ठ्याचा साचा वर ठेवा आणि अँकरच्या जागी येणाऱ्या सळया थोड्या सरकवा. हे आधी केलं नाही तर ड्रिल वरच्या सळईवर आदळतं. मग कारागीर भोक दोन इंच बाजूला घेतो किंवा अँकर अर्धाच ठोकतो.

काँक्रीटच्या ताकदीत एक फसगत हमखास होते. आयात लिफ्टच्या पुस्तिकेत 3000 पीएसआय लिहिलेलं असतं, म्हणजे 21 मेगापास्कल. ते वाचून एम-20 किंवा एम-25 दर्जाचं काँक्रीट टाकलं जातं (एम-पुढचा आकडा म्हणजे मेगापास्कलमधली ताकद). पण तो आकडा काँक्रीटचा सिलिंडरच्या आकाराचा नमुना फोडून काढलेला असतो आणि आपला एम-आकडा 150 मिलिमीटरचा घन फोडून. त्याच काँक्रीटचा घन सुमारे सव्वापट आकडा दाखवतो. म्हणजे 21 चे आपल्याकडे 26 होतात. एम-25 त्यात थोडक्यात कमी पडतं. एम-30 मागवा.

लागतं अडीच घनमीटर. रेडीमिक्सवाले एवढ्या मालाला गाडी देत नसतील तर मिक्सरवर 1:1:2 (सिमेंट, रेती, गिट्टी) करा. एका गोणीला 35 लिटर रेती, 70 लिटर गिट्टी आणि पाणी 22-23 लिटर, ओल्या रेतीतलं पाणी धरून. सुमारे 28 गोण्या लागतील. या कामातलं सगळ्यात अवघड कलम म्हणजे मिस्त्रीच्या हातातला पाण्याचा पाइप. माल पसरायला सोपा व्हावा म्हणून तो पाणी वाढवतो आणि ताकद तिथेच जाते. हातमिश्रणाची खात्री नुसत्या प्रमाणावरून होत नाही, म्हणून तीन घन भरून ठेवा आणि 28 दिवसांनी मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये फोडून घ्या.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मे महिन्यात 45 अंशांत टाकलेला स्लॅब दुपारीच वरून वाळतो आणि केसांसारख्या तडा जातात. मातीचे बांध घालून 14 दिवस पाणी साठवा. अँकर 28 दिवसांनंतरच. भोक अँकरच्याच मापाचं, त्यातली धूळ ब्रश आणि हवेनं पूर्ण काढलेली, आणि घट्ट करायला टॉर्क पाना. पाऊण इंची अँकरला पुस्तिकेत बहुधा 150 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 200 न्यूटन-मीटर असतात. नट फिरत राहिला आणि टॉर्क येतच नसेल तर खालचं काँक्रीट कच्चं आहे. त्या खांबावर गाडी चढवू नका. वॉशर वाढवून किंवा केमिकल ओतून पातळ स्लॅब जाड होत नाही.

शेडच्या पन्हाळ्याचं पाणी आणि बागेचा नळ स्लॅबपासून दूर काढा. नाही तर मुरुमाच्या कडेची काळी माती एका बाजूनंच भिजत राहते. दर पावसाळ्यानंतर दोन्ही खांबांना ओळंबा लावा.

प्रश्न : दोन खांबांची लिफ्ट, मोटर 2.2 किलोवॅट, सिंगल फेज. हिवाळ्यात नीट चालली. मे महिन्यात संध्याकाळी बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणते, कधी एमसीबी पडतो. मीटरपासून वायर 25 मीटर, 2.5 चौ.मिमी. मोटर बदलावी का?

उत्तर : मोटर बहुधा ठीक आहे. चालताना ती 14 अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना त्याच्या पाचपट, म्हणजे 70. 25 मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन 50 मीटर तांबं. 2.5 च्या वायरमध्ये त्याचा रोध सुमारे 0.37 ओहम, म्हणजे सुरुवातीला 26 व्होल्ट वायरमध्येच खपतात. गल्लीतले सगळे कूलर चालू असताना मीटरवरच 205 असतील तर मोटरला 180 मिळतात. त्यात ती गाडीसकट उठत नाही. आधी मोटर सुरू होतानाचा व्होल्टेज मोटरच्या टर्मिनलवर मोजा. मग 6 चौ.मिमीची वेगळी लाइन ओढा, घट 11 व्होल्टांवर येईल. एमसीबी सी-वक्राचा पडत असेल तर सुरुवातीचा जास्त प्रवाह सोसणारा डी-वक्राचा लावा, पण अँपिअर वायरच्या क्षमतेपेक्षा जास्त घेऊ नका. एवढं करूनही गुणगुण राहिली तर स्टार्ट कपॅसिटर तपासा. उन्हाळ्यात तो सगळ्यात आधी जातो. आणि गुणगुणत असताना बटण दाबून धरू नका, वाइंडिंग जळायला अर्धा मिनिट पुरतो.

घरात थ्री फेज असेल तर पुढच्या वेळी तीच मोटर घ्या. जोडल्यावर पंप फिरतो पण गाडी उठत नाही असं झालं तर तो उलटा फिरतो आहे. मेन बंद करून कुठल्याही दोन फेज अदलाबदल करा.

लिफ्टच्या हायड्रॉलिक ऑइलचंही इथेच सांगतो. पुस्तिकेत 32 आणि 46 हे दोन्ही ग्रेड चालतात असं असेल तर आपल्या हवेला 46 घ्या. हा आकडा 40 अंशांवरच्या घट्टपणाचा आहे, आणि टिनाच्या शेडमधली टाकी मे महिन्यात तिथूनच सुरुवात करते.

प्रश्न : वर जाताना उजव्या खांबाचं लॉक आधी वाजतं, डावं थोडं उशिरा. धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो उतरवताना. एक बाजू लॉकवर अडकून राहते, दुसरी खाली जाते, गाडी तिरकी होते. नव्या लिफ्टचे पोलादी दोर पहिल्या काही आठवड्यांत ताणतात, कारण बहुधा तेच. गाडी न चढवता दोन्ही कॅरेज (खांबात वर-खाली सरकणारे, हात धरणारे भाग) एकाच क्रमांकाच्या लॉकवर बसवा आणि दोरांच्या टोकाचे नट असे आवळा की हातानं दाबल्यावर दोघांत सारखाच झोल राहील. हालचाल धक्क्यांनी होत असेल तर सिलिंडरमध्ये हवा आहे. रिकामी लिफ्ट चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा. उतरवताना नेहमी आधी 5 सेंटिमीटर वर घ्या, दोन्ही लॉक सुटलेली डोळ्यांनी पाहा, मग सोडा.

प्रश्न : क्रेटा आणि स्कॉर्पिओ दोन्हींना लिफ्टच्या हातांच्या टोकाचे पॅड एकाच जागी लावले तर?

उत्तर : स्कॉर्पिओला शिडीसारखी चासी आहे. पॅड त्या चासीच्या पट्ट्यांखाली, पायदानाखाली किंवा बॉडीखाली नाही. क्रेटाला वेगळी चासी नाही. तिच्या दाराखालच्या कडेवर मजबूत केलेल्या चार जागा असतात, त्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या असतात. दोन्हींत गाडी 15 सेंटिमीटर उचलून थांबा, बंपरला धरून हलवा, पॅड सरकले नाहीत हे पाहा, मगच पुढे. वर गेल्यावर ऑइलच्या दाबावर सोडू नका, लॉकवर टेकवा.

प्रश्न : अपार्टमेंटमध्ये खालच्या पार्किंगला, माझ्या जागेवर लिफ्ट चालेल?

उत्तर : नाही. जागा वापरायला तुमची असली तरी फरशी सोसायटीची आहे, आणि खाली तळघर किंवा पाण्याची टाकी असेल तर अँकर थेट छतात जातो. जॅक आणि स्टँडवर भागवा.

प्रश्न : बंद पडलेल्या एका गॅरेजातून जुनी लिफ्ट स्वस्तात मिळते आहे. काय पाहावं?

उत्तर : आधी नावाची पट्टी. क्षमता, वर्ष, अनुक्रमांक आणि ईएन 1493 (वाहन लिफ्टच्या सुरक्षिततेचं युरोपीय मानक) चा उल्लेख. पट्टीच काढलेली असेल तर परत या. नंतर कॅरेजच्या आतले प्लास्टिकचे सरकपट्टे, हातांच्या खिळ्यांची भोकं लांबट झाली आहेत का, आणि दोराचा वाकणारा भाग पुलीपाशी. तिथे एकही तार तुटलेली टोचत असेल तर दोन्ही दोर नवे घ्या. बेसप्लेटच्या वेल्डवर ताजा रंग दिसला तर तो खरवडून पाहा. शेवटी त्यांची सगळ्यात जड गाडी चढवून लॉकच्या वर 10 सेंटिमीटर सोडा आणि अर्ध्या तासानं टेपनं मोजा. तेवढ्या वेळात कुणालाही खाली जाऊ देऊ नका. उंची घटली असेल तर सील किंवा व्हॉल्व गळतो आहे, त्याचा खर्च किमतीतून कापा. जुने अँकर मात्र फुकट दिले तरी घेऊ नका.