मळ्यातल्या घरासाठी पिस्तूल घ्यायचं म्हणताय?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात मळ्यात राहतो, द्राक्षबाग आहे. शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला, म्हाताऱ्यांना मारहाण झाली. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, नऊ एमएमचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घ्या. कोणतं घ्यावं? परवाना येईपर्यंत ओळखीचा एक जण 'वस्तू' आणून देतो म्हणतो. रात्री घरात शिरलेल्यावर गोळी झाडली तर? हंगामात मी माल भरायला रात्रीचा बाहेर असतो, तेव्हा मंडळींनी वापरलं तर चालेल का?

उत्तर : त्या ओळखीच्याला आधी नाही म्हणा. मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून येणारा गावठी कट्टा नुसता कपाटात सापडला तरी शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. 'दरोड्याची भीती होती' हा त्यावर बचाव होत नाही.

मुलाच्या गावी नऊ एमएम दुकानात मिळत असेल. आपल्याकडे लष्कर-पोलिसांची नऊ एमएम काडतुसं ज्यात चालतात ते पिस्तूल प्रतिबंधित वर्गात मोडतं आणि ते विनापरवाना सापडलं तर शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. सामान्य परवानाधारकाला मिळतं ते बहुतेक .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप). ते सेमी-ऑटोमॅटिक असलं तरी चालतं. सरकारी कारखान्याचं 'अशनी' त्यातलंच. म्हणजे निवडीला फारसा वाव नाही, आणि कंपन्यांचे व्हिडिओ बघत बसण्यात अर्थ नाही.

खरी निवड वेगळीच आहे आणि ती अर्जदारांना सहसा कोणी सांगत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १३(३) चे दोन भाग आहेत. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, संरक्षणासाठी मागितली तर अधिकाऱ्याने परवाना 'द्यावा' अशी भाषा आहे. अर्थात कलम १४ मधली नकाराची कारणं लागू नसतील तर. पिस्तुलासाठी मात्र तुमच्याकडे सबळ कारण आहे अशी त्याची खात्री पटावी लागते. 'आजकाल चोऱ्या वाढल्यात' एवढ्यावर फाईल परत येते. तुम्ही बारा बोअर मागावी असं माझं मत आहे. पिस्तूलच हवं असेल, तर शेजारच्या दरोड्याच्या एफआयआरची प्रत, वस्तीपासून पोलीस ठाण्याचं अंतर आणि घरात रोकड का असते हे सगळं अर्जात लिहा.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलीस चौकशी होते. शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शस्त्र कुलपात ठेवण्याची हमी लागते. नकार आला तर कारणं लेखी मागा. कलम १८ खाली अपील करता येतं, मुदत ३० दिवसांची. परवाना पाच वर्षांचा असतो. (भाच्याच्या वरातीत हवेत बार काढू नका. त्यालाही आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड आहे.)

आता गोळीचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ सूर्यास्तानंतरच्या घरफोडीत मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्यापर्यंत हक्क देतं. पण कडी तोडून आत आलेला आणि उघड्या दारातून आलेला, कायद्यात दोघे वेगळे. दुसऱ्याच्या बाबतीत तुम्हाला मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती होती हे दिसावं लागतं. दोन्हीकडे गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही कलम ३७ ची अट आहेच. चोर बाहेर पडून बागेत पळाला, की घरफोडीवरचा हा हक्क संपला. पाठीत गोळी असली की शवविच्छेदन अहवाल तुमच्या विरोधात बोलतो. आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याची जबाबदारी आरोपी म्हणून तुमच्यावर येते. सरकारी पक्षाइतका कडक पुरावा लागत नाही, संभाव्यता पुरते. पण तोवर अटक, जामीन आणि कोर्टाच्या तारखा सुटत नाहीत.

राहिला मंडळींचा प्रश्न. परवाना तुमच्या नावावर असेल तर तुम्ही पिंपळगावला माल भरत असताना तो त्यांच्या उपयोगाचा नाही. रात्री घरात त्याच असणार असतील तर अर्ज त्यांच्या नावे करा, आणि प्रशिक्षणही त्यांनीच घ्यायला हवं. त्यांची तयारी नसेल, तर हा खर्च आधी दारं-खिडक्यांच्या जाळ्यांवर आणि अंगणातल्या दिव्यांवर करा.