एका कॉम्प्युटरवर दोन फायरफॉक्स ठेवताय?

बिनधास्त ठेवा. घरातल्यांसाठी नेहमीचं फायरफॉक्स आणि तुमच्या कामासाठी ईएसआर (फायरफॉक्सचीच, नवे बदल सावकाश घेणारी आवृत्ती), ही जोडी छान चालते. सुरुवातीला एवढंच बघा:

१. इन्स्टॉल करताना नेक्स्ट-नेक्स्ट दाबत सुटू नका. विंडोजवर दोघांचंही ठरलेलं फोल्डर एकच असतं, 'मोझिला फायरफॉक्स'. 'कस्टम' निवडून वेगळं फोल्डर दिलं नाहीत तर दुसरं पहिल्याच्या डोक्यावर बसतं. नवशिके हमखास इथेच फसतात.

२. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी सगळं प्रोफाइलमध्ये, म्हणजे फायरफॉक्सच्या तुमचा डेटा ठेवायच्या फोल्डरमध्ये असतं. २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला आपापलं प्रोफाइल मिळतं. त्यामुळे नवा ब्राउझर रिकामा दिसला म्हणून 'डेटा गेला' अशी बोंब मारू नका, जुन्यात सगळं जागेवर आहे. उलट, नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला गेलात तर फायरफॉक्स अडवतं आणि नवं प्रोफाइल बनवायला सांगतं. ऐका त्याचं. जबरदस्तीने उघडायचे उपाय सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

३. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटना वेगळी नावं द्या. चिन्ह सारखंच, घरातले चुकणारच.

आणि हो, वेगळं प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे. धाकटा भाऊही ते उघडू शकतो. खासगी काही असेल तर विंडोजमध्येच प्रत्येकाचं पासवर्डवालं अकाउंट करा.