मुलगा १८ चा झाला म्हणून लगेच गार्डियनशिप घ्यायलाच पाहिजे का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा अठरा पूर्ण झाला, बौद्धिक अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे, बँकवाले म्हणून राहिले की गार्डियनशिपचा, म्हणजे कायदेशीर पालक नेमल्याचा कागद आणा, आणि दीर म्हणतात मीच होतो गार्डियन. माझं म्हणणं, इतकी घाई नका करू.

आधी मुलाला सोबत घेऊन थेट मॅनेजरकडे जा, काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ दाखवा, आपले पैसे आपण सांभाळायचा हक्क त्यात बाकीच्यांच्या बरोबरीनं दिलाय. मुलाला बोलू द्या, पैसे ठेवायचे-काढायचे समजतं हे त्यांना दिसलं पाहिजे. तुमच्यासोबत जॉइंट खात्याचंही विचारा.

माझी पोरगी पण अशीच आहे. तिची निराधारची पेन्शन येते ना, त्यातलं काय घ्यायचं ते तीच ठरवते, आम्ही फक्त सोपं करून सांगतो, फोटो दाखवतो, दोनच पर्याय समोर ठेवतो आणि मग गप्प बसतो (हे गप्प बसणंच लय कठीण आहे बाप्पा). सीताबर्डीला मोबाईल घ्यायला गेलो तर दुकानदार सगळं मलाच विचारून राहिला, मी म्हटलं भाऊ, वापरणार ती आहे, तिला विचार. डॉक्टरकडेही तसंच, तिला जे विचारायचं ते आदल्या रात्री लिहून नेतो. मदत घेऊन घेतलेला निर्णयही तिचाच असतो.

आता घर-जमिनीचा मोठा व्यवहार असेल आणि मुलाला खरंच झेपत नसेल तर नॅशनल ट्रस्टच्या (बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम अशांसाठीची सरकारी संस्था) १९९९ च्या कायद्यात सोय आहे, कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची लोकल लेव्हल कमिटी गार्डियन नेमते. पण गार्डियन खरंच लागतो का आणि कशासाठी, हे कमिटीनं बघायचं असतं, म्हणून अर्जात "सगळ्यासाठी" लिहू नका, नेमकं काम लिहा. गार्डियनला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, दिरांना हे माहीत आहे का?

आणि मुलाचा हिस्सा आहे त्याच घरात दिरांचाही हिस्सा आहे म्हणता, तर हे आत्ताच बोला. मदतनीसाचा स्वतःचा फायदा आडवा येत असेल तर त्या व्यवहारात त्यानं मदत करायची नाही, हे कलम १३ मध्येच आहे. वाटणीच्या वेळी मुलासोबत मामा नाहीतर त्याच्या शाळेतल्या मॅडम बसू द्या, ज्यांच्याजवळ तो मोकळं बोलतो.